फेरफार कोणी अडविला?

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा आणि भीमा जेथे एकमेकींना मिळतात तेथे, लक्ष्मी-नृसिंहाचे नरसिंहपूर वसलेले आहे. आणि ज्या इंदापूर तालुक्यात हे क्षेत्र मोडते त्या तालुक्याला जमिनीच्या दफ्तराच्या इतिहासात असे एक स्थान आहे की ज्याची आठवण तेथील खातेदारांनाही सहसा नसते. पेशवाई बुडाल्यानंतर कंपनी सरकारच्या प्रिंगल नामक अधिकाऱ्याने पुणे प्रांती जी पाहणी केली, तिच्यात नक्त उत्पन्नाच्या 55 टक्के सरकारधारा ठरविण्यात आला होता. हिशेब कागदावर काटेकोर होता. परंतु आकार इतका जड होता की रयत जमिनी टाकून परागंदा होऊ लागली. तेव्हा 1835 साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी इंदापुरातूनच नव्या मोजणीस प्रारंभ केला, पुढल्या वर्षी 30 वर्षांच्या मुदतीची नवी जमाबंदी तेथे लागू झाली, आणि त्याच पद्धतीवर पुढे मुंबई इलाख्याची रयतवारी व्यवस्था उभी राहिली. सातबाऱ्यावरील सर्व्हे नंबराचे कूळ शोधू गेल्यास ते ह्या कोरड्या तालुक्याच्या माळरानापर्यंत येऊन थांबते.

त्या जुन्या दफ्तरात दोष पुष्कळ होते. पण एक गुण असा होता की तो गुण आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. गावचा कुळकर्णी एक, वही एक आणि लेखणीही एकच. वही त्याच्या पुढ्यात उघडी असेतोवर दुसऱ्या कोणास तीत लिहिता येत नसे, आणि म्हणून वतनाचे, हद्दीचे, वारसाचे नाना कज्जे उद्भवले तरी एकाच ओळीवर दोन हातांनी एकाच क्षणी लिहिण्याचा कज्जा कधी उद्भवला नाही. 1903 च्या मुंबई कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, 1950 च्या कायद्याने कुळकर्णी वतने खालसा झाली, तलाठी सरकारी नोकर म्हणून चावडीत येऊन बसला, तरी वही आणि लेखणी यांचा हा एकपणा अबाधित राहिला. तो मोडला संगणकाने. आज फेरफाराची नोंद तलाठी घेतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्ताची वर्दी त्याच साखळीतून येते, आणि ज्याला उताऱ्याची नक्कल हवी तो पुण्यात किंवा दुबईत बसून मोबाइलवर तेच दफ्तर उघडतो. वही एकच राहिली, हात मात्र असंख्य झाले.

हे हात एकमेकांत गुंतू नयेत अशी तजवीज ज्या यंत्रणेत केलेली असते तिला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांच्या रूपात ठेवावी ही कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी 1970 साली मांडली, आणि त्याच संस्थेत काही काळ काम केलेल्या जिम ग्रे यांनी ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणजे व्यवहार या संकल्पनेस पक्के शास्त्रीय रूप दिले. आपल्या विषयाला ह्या दुसऱ्या संकल्पनेचे महत्त्व अधिक आहे. समजा, नरसिंहपुरातील एका खातेदाराने आपल्या 2 हेक्टरांपैकी 40 आर जमीन विकली. दफ्तरात विकणाऱ्याच्या खात्यातून 40 आर वजा व्हावयाचे आणि घेणाऱ्याच्या खात्यात 40 आर चढावयाचे. ह्या दोन नोंदींच्या मध्येच वीज गेली तर ती जमीन कोणाचीच न राहण्याचा प्रसंग येईल. म्हणून नियम असा की दोन्ही नोंदी मिळून एकच व्यवहार मानावा. तो पुरा झाला तर ‘कमिट’ म्हणजे कायम, आणि पुरा न झाला तर ‘रोलबॅक’ म्हणजे जणू घडलाच नाही. व्यवहार चालू असेपर्यंत त्या ओळींवर लॉक बसतो; त्या ओळी बदलू पाहणाऱ्या दुसऱ्याने थांबावे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि जो इसम ह्या दफ्तरात येऊन बसतो त्याच्या येण्यापासून जाण्यापर्यंतच्या वास्तव्याला सेशन किंवा सत्र म्हणतात. त्याचे नाव, तो कोठल्या यंत्रावरून आला ते, त्याचा चालू हुकूम, त्याचा अपुरा व्यवहार आणि त्याने घेतलेले लॉक हे सर्व त्या सत्राच्या नावावर जमा असते. सत्र संपले की हे सारे संपते. वरवर पाहता यात काळजी करण्याजोगे काही नाही. पण अडचण नेमकी येथेच आहे.

तहसील कचेरीत, पतसंस्थेत किंवा गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ज्याने म्हणून खेटे घातले आहेत त्याला ‘सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळाने या’ हे वाक्य परिचयाचे आहे. कित्येकदा ते अक्षरशः खरे असते. पण कित्येकदा असेही असते की सर्व्हर ठणठणीत असून कोणी एकाने एका ओळीवर लॉक घेऊन ठेवला आहे, त्याच्यामागे दुसरा थांबला आहे, दुसऱ्याने घेतलेल्या लॉकमागे तिसरा, आणि बघता बघता सारी कचेरी पडद्यावरच्या फिरत्या चक्राकडे पाहत बसली आहे. अशा वेळी डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे, ज्याला त्या व्यवसायात डीबीए म्हणतात, त्याच्याकडे तगादा सुरू होतो की जो कोणी अडवीत असेल त्याला हाकलून द्या. तसा अधिकार त्याला असतो आणि हुकूम तर एका ओळीचा असतो. तो वापरावा किंवा नाही हा प्रश्नच नाही. कोणावर, कधी आणि कोणत्या क्रमाने वापरावा हा खरा प्रश्न आहे.

प्रत्येक डेटाबेस आपल्या सत्रांचे हजेरीपत्रक ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये ते ‘पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी’ या नावाने पाहावयास मिळते, ओरॅकलमध्ये ‘व्ही-डॉलर-सेशन’ या नावाने; मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ असे म्हटले की ते पुढ्यात येते, आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर ‘एसपी-हू’ ही जुनी आज्ञा अजून अनेकांच्या बोटांवर आहे. यांतील पोस्टग्रेसच्या हजेरीपत्रकातील एक कल्पित ओळ जवळून पाहू. प्रक्रिया क्रमांक 4187, वापरकर्ता ‘महसूल’, यंत्राचा पत्ता अमुक, जोडणी सकाळी 10 वाजून 2 मिनिटांनी, व्यवहारास प्रारंभ 11 वाजून 5 मिनिटांनी, शेवटचा हुकूम, खात्याच्या क्षेत्रात दुरुस्ती, आणि स्थिती, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. घड्याळात 12 वाजून 40 मिनिटे झाली आहेत. म्हणजे ह्या गृहस्थाने दीड तासापूर्वी व्यवहार उघडला, एक नोंद केली, आणि दुसरी करण्यापूर्वी तो उठून गेला. यंत्राच्या दृष्टीने तो आता काहीच करीत नाही; तरीही सारे त्याच्यामुळे अडले आहे.

नवशिका येथेच फसतो. तो पत्रकात सर्वांत गडबडीत कोण दिसतो ते पाहतो, आणि ज्यांचे हुकूम ‘चालू’ म्हणून दाखविलेले असतात त्यांच्यावर त्याची दृष्टी जाते. वस्तुतः ते बिचारे लॉकच्या दारात ताटकळत उभे असतात. त्यांतील एकाला काढले की त्याची जागा दुसरा घेतो आणि रांग आहे तेवढीच राहते. रांगेच्या अगदी तोंडाशी कोण आहे हे शोधल्यावाचून हुकूम देणे व्यर्थ होय. त्यासाठीही साधने आहेत: पोस्टग्रेसच्या 9.6 या आवृत्तीपासून ‘पीजी-ब्लॉकिंग-पिड्स’ हे फंक्शन कोण कोणामुळे अडले ते सरळ सांगते, आणि ओरॅकल व एसक्यूएल सर्व्हर यांच्या पत्रकांत अडविणाऱ्या सत्राचा क्रमांक देणारा स्वतंत्र रकाना असतो. एकामागून एक असे मागे जात राहिले की शेवटी असा एक इसम सापडतो की जो सर्वांना अडवितो आणि ज्याला कोणीच अडवीत नाही.

तो सापडला तरी तो कोण, ही ओळख पटविणे बाकीच असते. आणि आजच्या काळात हे काम पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. पूर्वी प्रत्येक कारकून आपापल्या नावाने थेट डेटाबेसमध्ये येत असे. आता मधे एक ॲप्लिकेशन सर्व्हर असतो. तो थोड्या जोडण्या कायम उघड्या ठेवतो आणि शेकडो माणसांची कामे त्यांच्यावरून आळीपाळीने वाहून नेतो. ह्या रचनेला कनेक्शन पूल म्हणतात. परिणाम असा की हजेरीपत्रकात चाळीसच्या चाळीस सत्रांपुढे ‘महसूल’ हेच एक नाव दिसते, आणि ज्या सत्रावर आपण हुकूम बजावणार ते या क्षणी तलाठ्याचे काम वाहते आहे की तहसीलदाराचे हे नावावरून कळत नाही. ज्या प्रोग्रामरने जोडणी करताना ॲप्लिकेशनचे नाव आणि जमल्यास कामाची खूण डेटाबेसला कळविण्याचे सौजन्य दाखविले असेल त्याचे उपकार अशा वेळी आठवतात. हे सौजन्य एका ओळीचे असते, आणि ते न दाखविणारेच बहुसंख्य आहेत असा माझा समज आहे.

ओळखीचा आणखी एक बारकावा अनुभवी मंडळीही कधीकधी विसरतात. सत्राचा क्रमांक ही कायमची मिळकत नव्हे. एक सत्र गेले की तोच क्रमांक नव्या सत्रास मिळू शकतो. पत्रक 12 वाजून 40 मिनिटांनी पाहिले, साहेबांची परवानगी घेण्यात दहा मिनिटे गेली, आणि तेवढ्यात तो पहिला इसम जागेवर परतून आपले काम पुरे करून निघून गेला, तर पन्नासाव्या मिनिटाला त्याच क्रमांकावर बजावलेला हुकूम एखाद्या निरपराध माणसावर पडेल. ओरॅकलच्या कर्त्यांनी हे ओळखून सत्राच्या क्रमांकाला ‘सिरियल नंबर’ या दुसऱ्या अंकाची जोड दिली. दोन्ही जुळल्याखेरीज तेथे हुकूम बजावला जात नाही. जेथे अशी सोय नाही तेथे क्रमांकाबरोबर जोडणीची वेळही ताडून पाहावी, आणि पाहणे व संपविणे या दोन्ही क्रिया शक्यतो एकाच हुकुमात कराव्यात.

आता प्रत्यक्ष कारवाई. तिच्यात सौम्य आणि कठोर असे दोन प्रकार सर्वत्र आढळतात. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी-कॅन्सल-बॅकएंड’ हा हुकूम चालू क्वेरी, म्हणजे त्या सत्राचा चालू हुकूम, तेवढी थांबवितो, सत्र राहू देतो. ‘पीजी-टर्मिनेट-बॅकएंड’ सत्रच संपवितो. मायएसक्यूएलमध्ये ‘किल क्वेरी’ आणि ‘किल कनेक्शन’ हे तेच दोन प्रकार होत. ओरॅकलमध्ये तर ‘डिस्कनेक्ट सेशन’ या हुकुमाला अशी एक पुरवणी जोडता येते की चालू व्यवहार पुरा होऊ द्यावा आणि मगच निरोप द्यावा. माझ्या मते ह्या शास्त्रातील सर्वांत सुसंस्कृत हुकूम तो. एखाद्याने हंगामभराच्या ऊसबिलांचा अजस्र अहवाल भर दुपारी काढावयास घेतला असेल तर सौम्य उपाय पुरेसा आहे. परंतु आपल्या 4187 क्रमांकाच्या गृहस्थावर तो मुळीच चालत नाही, कारण त्याची क्वेरी कधीच संपलेली आहे; उघडा आहे तो व्यवहार. तेथे सत्रच संपवावे लागते, आणि तत्पूर्वी जमल्यास त्या कचेरीत फोन करून त्या गृहस्थालाच तो व्यवहार पुरा करावयास सांगणे हा उपाय कोणत्याही पुस्तकात ठळकपणे दिलेला नसला तरी सर्वांत निर्धोक आहे.

सत्र संपविल्याने दफ्तर बिघडेल काय, अशी भीती सामान्य माणसाला वाटते. ह्याच परिसरातील एका घटनेचे स्मरण येथे होते. इंदापूरच्या त्या जमाबंदीची 30 वर्षांची मुदत संपून 1867 च्या सुमारास आकारणी वाढली, पुढे कापसाचे भाव पडले, कर्जे फुगली, आणि 12 मे 1875 रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी चिडलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. कागद जळाला की नोंद संपली, हा त्या काळचा दस्तऐवजाचा धर्म होता. डेटाबेसचा धर्म वेगळा आहे. जो व्यवहार एकदा कमिट झाला त्याची नोंद आधीच लॉग नावाच्या रोजकीर्दीत तबकडीवर उतरलेली असते, आणि मागाहून सत्र संपवा, वीज जावो की यंत्र बंद पडो, तिच्या केसालाही धक्का लागत नाही. जाते ते फक्त अपुरे काम. 40 आर वजा झाले पण चढले नाहीत, अशा स्थितीत सत्र संपविले तर ते 40 आर मूळ मालकाच्या खात्यात परत येतात, आणि त्या तलाठ्याला फेरफार पुन्हा प्रथमपासून भरावा लागतो, एवढेच नुकसान.

मात्र हे परतणे नेहमी झटपट होते असे नाही. पोस्टग्रेस बदललेल्या ओळीची जुनी प्रत बाजूला जपून ठेवत असल्यामुळे तेथे रोलबॅक जवळजवळ तत्काळ होतो. केरकचरा मागाहून व्हॅक्यूम नावाची प्रक्रिया काढते. मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर यांत मात्र जे जे केले ते ते उलट क्रमाने एकेक करून पुसावे लागते, आणि तीन तास चाललेला बदल पुसावयास तीन तास, किंबहुना अधिकही, लागू शकतात. (एसक्यूएल सर्व्हरच्या 2019 च्या आवृत्तीत ह्यावर तोड निघाली आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.) तेवढा वेळ सत्र पत्रकात ‘संपविलेले’ म्हणून दिसत राहते आणि लॉकही सुटत नाहीत. अशा वेळी धीर सुटून सारा सर्व्हरच बंद करून चालू करण्याचा मोह होतो. तो निष्फळ आहे, कारण पुन्हा उठल्यावर डेटाबेस तेच अपुरे काम पुसावयास बसतो, आणि आता मात्र एका ओळीऐवजी साऱ्या कचेरीचे दार बंद राहू शकते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘किल’ या आज्ञेलाच ‘विथ स्टेटसओन्ली’ अशी पुरवणी जोडली की रोलबॅक किती झाला आणि अदमासे किती उरला ते कळते. ते पाहत स्वस्थ बसणे हेच त्या घडीचे कर्तव्य.

त्याहून घातक मोह आणखी एक आहे. डेटाबेसला न विचारता खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून ती प्रक्रिया ‘किल वजा नऊ’ या लिनक्सच्या निर्वाणीच्या हुकुमाने मारणे, हा तो मोह होय. पोस्टग्रेसमध्ये ह्याचा परिणाम असा होतो की सर्व प्रक्रिया एका सामाईक स्मृतीत काम करीत असल्यामुळे, एक प्रक्रिया अशी अवचित मेली की ती स्मृती भ्रष्ट झाली असावी असे मुख्य प्रक्रिया गृहीत धरते आणि बाकीची सर्व सत्रे तोडून डेटाबेस पुनःप्राप्तीस लावते. एका तलाठ्याला उठवावयास गेले आणि साऱ्या राज्याचे कामकाज तहकूब झाले, अशी ही गत.

काही सत्रांना हात लावूच नये. बॅकअप घेणारे सत्र, दुसऱ्या यंत्राकडे प्रत पाठविणारे रेप्लिकेशनचे सत्र आणि डेटाबेसच्या स्वतःच्या घरकामाची सत्रे ही पत्रकात तासन्‌तास चाललेली दिसतात, म्हणून ती दोषी वाटतात. ती तशीच चालावयाची असतात. याउलट एक अपराधी असा की जो पत्रकात दिसतच नाही. दोन डेटाबेसांमध्ये मिळून चालणारा व्यवहार पोस्टग्रेसमध्ये ‘प्रिपेअर्ड’ अवस्थेत ठेवला असेल तर त्याचे सत्र निघून गेले तरी लॉक मागे राहतात, आणि संपवावयास सत्र उरलेलेच नसते. त्याची यादी निराळी, आणि त्याला परत फिरविण्याचा हुकूमही निराळा. लॉक आहे पण धनी नाही असे दिसले की तेथे जाऊन पाहावे.

कारवाईची दप्तरी नोंद ठेवणे ही गोष्ट क्षुल्लक मानली जाते. ती तशी नाही. सत्र संपले की पत्रकातील त्याची ओळही जाते, आणि दुसऱ्या दिवशी ‘माझा फेरफार कोणी उडविला’ असे विचारीत कोणी आले तर दाखवावयास काहीच उरत नाही. म्हणून हुकूम देण्यापूर्वी ती ओळ, तिचा शेवटचा हुकूम, अडलेल्यांची यादी, वेळ आणि परवानगी देणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे. फेरफाराची नोंद कायम करण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस देऊन 15 दिवसांची मुदत ठेवणाऱ्या महसुली परंपरेत वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागू नये.

परंतु सत्रे वारंवार संपवावी लागणे हेच मुळी अव्यवस्थेचे लक्षण आहे, आणि तिचा दोष डीबीएकडे क्वचितच जातो. तो बहुधा त्या प्रोग्रामकडे जातो की ज्याच्या कर्त्याने पडदा उघडताच व्यवहार उघडला आणि माणूस विचार करून, चहा पिऊन, शेजाऱ्याशी बोलून बटण दाबीपर्यंत तो तसाच उघडा ठेवला. माणसाच्या विचाराचा वेळ व्यवहाराच्या आत कधीही येऊ देऊ नये; माहिती आधी वाचून द्यावी, लॉक न घेता माणसाला हवा तेवढा वेळ द्यावा, आणि जतन करताना मधल्या काळात ती ओळ कोणी बदलली काय एवढे ताडून क्षणार्धात व्यवहार पुरा करावा. हे ज्यांना साधत नाही त्यांच्यासाठी पोस्टग्रेसच्या 9.6 या आवृत्तीपासून अशी एक मुदत घालता येते की व्यवहार उघडून स्वस्थ बसलेले सत्र ती उलटताच आपोआप संपते. मूळ स्थितीत ही मुदत शून्य, म्हणजे बंद, असते. ती पाच मिनिटांची करावी की पंधरा, हे ज्याच्या त्याच्या कचेरीने आपले कामकाज पाहून ठरवावयाचे आणि स्वतः लिहून ठेवावयाचे असते.